मडकं वाजवून घेता, मग मेल?

कुंभार पिंपळगावात राहणाऱ्याला मडकं कसं घ्यायचं हे शिकवावं लागत नाही. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर ठेवून द्यायचं. पण इथेच आपली एक खोड आहे. बद्द वाजलेलं मडकं आपण मुकाट्यानं परत ढिगावर ठेवतो, दुसरं उचलतो, पैसे देतो आणि वाटेला लागतो. विकणाऱ्याला काही सांगत नाही. मागून घाईघाईत आलेली एखादी मावशी नेमकं तेच घेऊन जाते आणि रात्रभर तिच्या घरात पाणी ठिबकत राहतं.

संशयास्पद मेलचं आपण हेच करतो. ओळखतो, उडवतो, गप्प बसतो.

गेल्या महिन्यात गावातल्या एका पतसंस्थेत प्रिंटर बघायला गेलो होतो. माझं काम तेच आहे. तिथल्या मॅडमनी सहज म्हणून एक मेल दाखवला. ‘तुमच्या मेलबॉक्सची जागा भरली आहे, चोवीस तासांत पडताळणी करा, अन्यथा खाते बंद होईल’ असा मजकूर आणि खाली निळं बटण. मी विचारलं, आणखी कुणाला आलाय का? तेव्हा एकेक जण बोलायला लागला. रोखपालांना सोमवारीच आला होता, त्यांनी उडवला. वसुलीवाल्या भाऊंनीही उडवला. आणि नव्यानं लागलेल्या पोरानं गुरुवारी ते निळं बटण दाबलं होतं. “पण पान उघडायच्या आत लाईट गेली,” तो म्हणाला. सोमवारी कुणी एकानं तोंड उघडलं असतं, तर या पोरावर लाईट जाण्याच्या भरवशावर राहायची वेळ आली नसती.

प्रिंटर बाजूला राहिला. मी त्यांच्या आऊटलुकमध्ये फिशिंग कळवायचं बटण बसवून दिलं. शाळा, दवाखाना, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, कुठलंही चार माणसांचं कार्यालय असो, हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. कसं करायचं आणि कुठे अडतं, ते सांगतो.

फिशिंग म्हणजे गळ टाकणं. मात्र हा गळ एकट्यादुकट्याला टाकत नाहीत. संस्थेचे जेवढे पत्ते हाती लागतील तेवढ्यांवर तोच मेल जातो, कारण सगळ्यांनी फसायची त्यांना गरजच नसते. एक पुरतो. त्यामुळे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात येतं, त्यानं बाकीच्यांना कळवलं की नाही, यावर सगळं ठरतं.

याचं मोठ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या देशातलं आहे. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतल्या कर्मचाऱ्यांना २०१५ च्या सुरुवातीला नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराचे मेल आले. भाषा नम्र होती आणि माझा बायोडाटा या लिंकवर आहे, कृपया पाहावा, अशी विनंती होती. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं नंतर न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार बँकेतल्या किमान तीन संगणकांवरून ती फाइल उतरवून घेण्याचा प्रयत्न झाला. चोर आत शिरले आणि वर्षभर नुसते बघत बसले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या बांगलादेशच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश सोडले. त्यातले आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोचले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर अडले, कारण पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग ‘फॅनडेशन’ असं पडलं होतं आणि वाटेतल्या एका बँकेनं खुलासा मागितला. वर्षभर कुणी काही विचारलं नव्हतं. शेवटी स्पेलिंगच्या चुकीनं विचारायला लावलं.

आता बटण. पण आधी तुमचा मेल कुठला आहे ते बघा, नाहीतर तासभर नसलेलं बटण शोधत बसाल.

तुम्ही ब्राउझरमध्ये जीमेल वापरत असाल तर काहीच बसवायचं नाही. मेल उघडला की उत्तर देण्याच्या बाणाशेजारी तीन उभे ठिपके असतात. त्यावर दाबा, यादीत ‘रिपोर्ट फिशिंग’ आहे. वर्षानुवर्षं तिथेच आहे, कुणी बघत नाही एवढंच. त्याच यादीत ‘शो ओरिजिनल’ आहे, त्यावर एकदा जरूर दाबून बघा. एक पान उघडतं आणि त्यात वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन गोष्टींपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं असतं. मेल ज्याच्या नावानं आलाय त्याच्याच पत्त्यावरून निघाला का, याची ती तपासणी. मडक्यावरची टिचकीच म्हणा. ‘फेल’ असेल तर पुढे जाऊच नका. ‘पास’ असला म्हणून मात्र मेल सज्जनाचा ठरत नाही. चोरानं स्वतःचा पत्ता रीतसर विकत घेतला असेल तर तोही पास होतो.

तुमचा कार्यालयीन मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल आणि तुम्ही तो आऊटलुकमध्ये बघत असाल, तर आधी वरच्या पट्टीत ‘रिपोर्ट’ नावाचं बटण आहे का बघा. नव्या आऊटलुकमध्ये, वेबवरच्या आऊटलुकमध्ये आणि जुन्या आऊटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये मायक्रोसॉफ्टनं ते मुळातच बसवलेलं आहे. असेल तर वेगळं ॲड-इन टाकू नका. दोन बटणं झाली की लोक गोंधळतात आणि मग एकही दाबत नाहीत.

बटण नसेल तेव्हाच ॲड-इन. वेबवर आऊटलुक उघडा, कुठलाही एक मेल उघडा, वर ‘ॲप्स’चं चिन्ह असतं किंवा तीन ठिपक्यांत ‘गेट ॲड-इन्स’ असतं, तिथे जा. शोधायच्या चौकटीत ‘रिपोर्ट फिशिंग’ लिहा. समोर आलेल्या ॲड-इनच्या नावाखाली बनवणारा कोण आहे ते वाचा. ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’ असेल तरच ‘ॲड’ दाबा. आऊटलुक बंद करून पुन्हा उघडा, बटण दिसायला लागेल.

बनवणाऱ्याचं नाव वाचा असं मुद्दाम सांगतोय. ॲड-इन बसवताना तुम्ही त्याला तुमचे मेल वाचायची परवानगी देता. त्याशिवाय ते मेल पुढे पाठवणार कसं? म्हणजे एखाद्या लबाडानं ‘फिशिंगपासून बचाव करणारं बटण’ म्हणून स्वतःचंच ॲड-इन गळ्यात मारलं, तर किल्ली आपण हातानं दिली. ॲड-इन फक्त आऊटलुकच्या आतल्या दुकानातून घ्यायचं. ‘सुरक्षिततेसाठी हे ॲड-इन ताबडतोब बसवा’ असा मेल आणि त्यात लिंक आली, तर तोच मेल कळवायचा.

हे झालं एकट्यापुरतं. संस्थेतल्या सगळ्यांना बटण द्यायचं तर ॲडमिनच्या खात्यातून करावं, प्रत्येकाच्या टेबलावर फिरत बसू नये. आमच्या पतसंस्थेत इथेच गाडी अडली, कारण ॲडमिनचा पासवर्ड संस्थेकडे नव्हताच. मेलची सेवा ज्या विक्रेत्याकडून घेतली, त्याच्याकडे तो होता, आणि विक्रेता फोन उचलेना. मिळाला एकदाचा दुपारी. तुमच्याकडेही हीच परिस्थिती असण्याची दाट शक्यता आहे. फिशिंग वगैरे सगळं नंतर, आधी तो पासवर्ड स्वतःच्या ताब्यात घ्या आणि त्यावर दुहेरी पडताळणी लावा. घराची किल्ली गवंड्याकडे ठेवून आपण कुलूप कसलं घ्यावं याची चर्चा करत असतो.

ॲडमिन सेंटर उघडलं की ‘सेटिंग्ज’मध्ये ‘इंटिग्रेटेड ॲप्स’, त्यात ‘गेट ॲप्स’. तिथे तेच नाव शोधा आणि ‘गेट इट नाऊ’ म्हणा. कुणासाठी, असं विचारलं जाईल. पहिल्यांदा ‘जस्ट मी’ निवडा, स्वतःच्या मेलवर चाललं की मग ‘एंटायर ऑर्गनायझेशन’. परवानगी मान्य करा, झालं. सगळ्यांच्या पडद्यावर बटण उगवायला काही तास लागतात, कधी एक दिवसही. या वेळात बटण दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बसवू नका. ज्वारी पेरल्यावर दुसऱ्या दिवशी उकरून बघत नाही आपण.

आणि ज्यांचा मेल स्वस्तातल्या होस्टिंगवर आहे, आऊटलुकमध्ये पॉप किंवा आयमॅपनं जोडलेला आहे, त्यांच्याकडे हे ॲड-इन चालत नाही. आऊटलुकमध्ये जीमेलचं खातं जोडलंय, त्यांनाही ते मिळत नाही. त्यांनी जीमेल ब्राउझरमध्ये उघडून तिथलं बटण वापरावं. होस्टिंगवाल्यांनी संशयाचा मेल ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ करून संस्थेत ठरवलेल्या एका पत्त्यावर पाठवावा. नुसता फॉरवर्ड करू नये. साध्या फॉरवर्डमध्ये मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला, कुठून कुठे गेला, ही मूळची माहिती गळून पडते आणि तपासणाऱ्याच्या हातात नुसता मजकूर येतो. पाकीट फेकून चिठ्ठी पोलिसांना द्यावी तसं. शिवाय ती लिंक जिवंतच राहते. “बघा हो हे खरं आहे का” म्हणून पाच जणांना फॉरवर्ड केलं, की चोराचं काम आपणच केलं.

बटण बसलं, पण दाबल्यावर मेल जातो कुठे? याचा विचार फार कमी जण करतात आणि बटण महिन्याभरात शोभेचं होतं. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर पोर्टलमध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘ईमेल अँड कोलॅबोरेशन’, मग ‘युजर रिपोर्टेड सेटिंग्ज’ असं एक पान आहे. कळवलेले मेल फक्त मायक्रोसॉफ्टकडे जावेत, फक्त तुमच्या एका ठरावीक पेटीत जावेत, की दोन्हीकडे, ते तिथे ठरतं. दोन्हीकडे निवडा. मायक्रोसॉफ्टकडे गेल्यानं त्यांच्या चाळणीला शिकायला मिळतं. आपल्या पेटीत आल्यानं आपल्याला कळतं. त्या पेटीला चाळणीतून सूट द्यायला विसरू नका, ‘ॲडव्हान्स्ड डिलिव्हरी’मध्ये तिची ‘सेकऑप्स मेलबॉक्स’ म्हणून नोंद करा. नाहीतर लोकांनी कळवलेले घातक मेल घातक म्हणूनच वाटेत अडवले जातात आणि पेटी रिकामीच राहते. मग मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे काही येतच नाही.

पेटी रोज एकानं उघडायची. कोण, ते नावानिशी ठरवा. ‘सगळ्यांनी बघायची’ म्हणजे कुणीच बघायची नाही. बघणाऱ्यानं दोनच गोष्टी करायच्या: खराच फिशिंगचा मेल असेल तर ताबडतोब सगळ्यांना तोंडी किंवा ग्रुपवर सांगायचं, ‘असा असा मेल येतोय, उघडू नका’, आणि ज्यानं कळवलं त्याला उत्तर द्यायचं. दोन शब्दांचं का होईना. दोनदा कळवून कुणी हूं की चूं केलं नाही, तर माणूस तिसऱ्यांदा कळवत नाही.

काय कळवायचं आणि काय नाही? साडीच्या सेलची, ट्रॅक्टरच्या कर्जाची, परदेशी सहलीची जाहिरात ही कटकट आहे, फिशिंग नव्हे. तिला ‘जंक’ म्हणा. फिशिंग म्हणजे खोटं नाव लावून तुमच्याकडून पासवर्ड, ओटीपी, पैसे किंवा एखादी क्लिक काढून घ्यायचा प्रयत्न. पत्ता नेहमी उजवीकडून डावीकडे वाचा, शेवट काय आहे ते बघा. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं. म्हणजे बँकेचा पत्ता म्हणून जे आलंय ते त्या शब्दांनी संपायला हवं. मध्येच ‘बँक डॉट इन’ आणि शेवटी आणखी काही असेल तर तो मुखवटा. पतसंस्था कायद्यानं बँक नाही, तिच्या पत्त्यात हे असणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि अक्षरं डोळ्यांजवळ धरून बघा. इंग्रजी लहान ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी लिहिले की पटकन बघणाऱ्याला ‘एम’ दिसतो. पतसंस्थेतल्या त्या मेलच्या पत्त्यात मायक्रोसॉफ्टचा पहिलाच ‘एम’ असा दोन अक्षरांचा होता. मॅडमनी चष्मा वर करून, पडद्याला नाक लावून बघितलं तेव्हा दिसला.

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांसाठी सगळ्यात महाग पडणारा प्रकार मात्र साध्या मजकुराचा असतो. त्यात ना लिंक, ना अटॅचमेंट. जालना जिल्हा बियाण्यांचा, कृषी सेवा केंद्रवाले हंगामाआधी कंपन्यांकडे आगाऊ पैसे भरतात. समजा मे महिन्यात मेल आला: ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम खालील खात्यावर भरावी.’ लेटरहेड तेच, सहीही तीच. कुठलीही चाळणी हा मेल अडवणार नाही, कारण त्यात अडवण्यासारखं काही नाहीच. इथे बटण दाबा आणि कंपनीच्या माणसाला तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, तो फोन चोरच उचलेल आणि ‘हो, बदललंय’ म्हणून गोड सांगेल.

पतसंस्थेतल्या शिपाईमामांनी मला एक प्रश्न विचारला तो बरोबर होता. “भाऊ, ह्ये बटण दाबल्यावर गेलेले पैसे वापस येतेत का?” नाही येत. हे बटण आग लागण्याआधीचं आहे. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन. ही देशभराची हेल्पलाइन आहे. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत ते गोठवता येतात, म्हणून मिनिटामिनिटाला किंमत आहे. मग बँकेला कळवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेवर टाकली होती. म्हणजे लाजेखातर दोन दिवस गप्प बसण्याचा खर्च ग्राहकाच्याच खिशातून.

पैसे गेले नाहीत पण पासवर्ड टाकून बसलात, तर दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून ‘साइन आउट’ करा. आणि एक गोष्ट जी बहुतेकांची राहून जाते: मेलच्या सेटिंगमध्ये ‘रूल्स’ उघडून बघा. आत शिरलेला चोर तिथे गुपचूप एक नियम लावून ठेवतो, ‘बँक’ किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल माझ्याकडे पाठव आणि इथून लपव. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. कंपन्या, संस्था आणि सरकारी कार्यालयांना आणखी एक बंधन आहे. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असे प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचे असतात, आणि त्या यादीत फिशिंगचं नाव आहे.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा किसान योजनेची यादी म्हणून येणाऱ्या एपीके फाइलींना हे मेलमधलं बटण उपयोगाचं नाही. त्यासाठी ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे. संशयाचे फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲप संदेश तिथे कळवता येतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या जांब समर्थच्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा पारापारावर तोच विषय होता. जो तो काय दिसलं, कोण दिसलं ते सांगत होता. त्या मूर्ती नंतर सापडल्याही. पासवर्ड चोरीला गेला की मात्र माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही, कारण देवळात चोर शिरला तर दोष चोराचा आणि मेलमध्ये शिरला तर ‘एवढं शिकून कळत नाही का’. हे बोलणं कार्यालयातून हद्दपार करा. नाहीतर बटण कितीही चांगलं बसवा, लोक ते दाबायच्या आधी इकडेतिकडे बघतील.

बसवून झालं की लगेच चाचणी घ्या. स्वतःच्या दुसऱ्या खात्यावरून एक साधा मेल पाठवा, ज्याला तो येईल त्याला बटण दाबायला सांगा. मेल इनबॉक्समधून नाहीसा होतो, यानं बरेच जण घाबरतात. तो ‘डिलीटेड’ किंवा ‘जंक’मध्ये गेलेला असतो, चुकून खरा मेल कळवला गेला तर तिथून परत आणता येतो. मग आपली पेटी उघडून बघा, मेल पोचला का. मी प्रत्येकाला एकदा स्वतःच्या बोटानं दाबायला लावलं, शिपाईमामांनासुद्धा. नुसतं ‘हे इथे बटण आहे’ सांगून लक्षात राहत नाही.

आठ दिवसांनी प्रिंटरसाठी पुन्हा गेलो. पेटीत सहा मेल आले होते. चार खरोखरच फिशिंगचे, एक ठिबक संचाची जाहिरात, आणि एक लेखापरीक्षकांचं अगदी खरं पत्र. ते कळवलं होतं त्याच नव्या पोरानं. मॅनेजर साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, लेखापरीक्षकांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावला, खात्री केली आणि पोराला उत्तर टाकलं: ‘पत्र खरं आहे. विचारलंस ते बरं केलंस.’ मग पत्र इनबॉक्समध्ये परत आणलं आणि कपाटातली दप्तरं काढायला सांगितली. लेखापरीक्षण मंगळवारी होतं.